वयाचा कायदा आणि शाळेतील मौन

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीरधर्माचे ज्ञान शाळेने द्यावे की न द्यावे, हा वाद अलीकडचा आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी व परदेशी चालीरीती यांच्या पाठोपाठ तो आपल्या घरात शिरला, असेही सांगण्यात येते. इतिहास चाळून पाहिला असता ही समजूत टिकत नाही. महाराष्ट्रात हा वाद शंभर वर्षांचा तरी आहेच. आणि त्याच्या पोटात असलेला मूळ प्रश्न, म्हणजे वाढत्या वयाच्या मुलीच्या शरीराविषयी समाजाचे कर्तव्य काय, हा तर त्याहूनही जुना आहे. या सर्व काळात कायदेमंडळांनी मुलीच्या वयाचा आकडा पुन्हा पुन्हा वाढविला. परंतु जिच्यासाठी तो वाढविला, तिला त्यामागील कारण समजावून सांगण्याचे काम मात्र फार काळपर्यंत कोणावरच सोपविण्यात आले नाही. ही उणीव कशी राहिली व तिची किंमत कोणास भरावी लागते, हे गोंदियासारख्या राज्याच्या टोकावरील जिल्ह्यातून जितके स्पष्ट दिसते, तितके मुंबई-पुण्याहून दिसत नाही.

गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व सीमेवर वसला आहे. उत्तरेस मध्यप्रदेश, पूर्वेस छत्तीसगड आणि दक्षिणेस गडचिरोली अशी त्याची हद्द. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो स्वतंत्र झाला. तत्पूर्वी १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे. त्या प्रांताला आधी मध्यप्रांत व वऱ्हाड आणि १९५० नंतर मध्यप्रदेश म्हणत. भाताची शेती, जुने तलाव, तेंदूपत्ता व तांदुळाच्या गिरण्या ही त्याची ओळख. लोक झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी अशा अनेक बोली बोलतात. २०११ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार भरली. दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या आणि साक्षरांचे प्रमाण शेकडा ८५ च्या आसपास होते. हे आकडे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, मुलींना शाळेचे तोंडही पाहू न देणारा असा हा प्रदेश नव्हे. मुलगी शाळेत जाते, धडे वाचते, परीक्षा देते. प्रश्न आहे तो शाळेत गेल्यावर तिला काय सांगितले जाते व काय वगळले जाते, याचा.

वयाच्या कायद्याची कथा १८६० पासून सुरू होते. त्या वर्षीच्या भारतीय दंडसंहितेने शरीरसंबंधास संमती देण्याचे मुलीचे वय दहा वर्षे ठरविले होते. विवाहित मुलीसही तीच मर्यादा लागू होती. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर चर्चेला तोंड फुटले. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने वयात आल्यावर पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८५ मध्ये तिने ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने इंग्रजी वर्तमानपत्रातून बालविवाहाविषयी पत्रे लिहिली. त्या काळच्या साऱ्या वादात जिच्या शरीराचा व आयुष्याचा प्रश्न होता तिचा स्वतःचा आवाज ऐकू यावा, असे फार थोडे प्रसंग आहेत. त्यांत या पत्रांची गणना करावी लागेल. पुढे कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संगाने मरण पावली, आणि सरकारला हात बांधून बसणे अशक्य झाले. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर होऊन दहाचे बारा झाले.

या कायद्यावरून महाराष्ट्रात जे रणकंदन माजले, ते सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ती रानडे व आगरकर एका बाजूस, तर लोकमान्य टिळक दुसऱ्या बाजूस. टिळकांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारने आपल्या गृहजीवनात हात घालू नये हा होता. मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी व मुलांची वीस वर्षांपूर्वी करणार नाही, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतः करावी, असा पर्याय त्यांनी १८९० मध्ये मांडला होता, हे येथे न्यायाने नमूद केले पाहिजे. उभय पक्षांची दृष्टी कायदा करावा की करू नये, एवढ्यावरच खिळून राहिली. बारा वर्षांच्या मुलीस तिच्या शरीरात काय घडते आहे हे कोणी सांगावयाचे, हा प्रश्न त्या धुमाळीत बाजूलाच पडला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्या स्त्रियांस तरी कोणी काय सांगितले होते, याची चौकशी झाली नाही.

यानंतरचा अध्याय गोंदिया ज्या प्रांतात होते त्या प्रांताच्या मंडळींनी लिहिला. नागपूरचे बॅरिस्टर डॉ. हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित केला. १९२५ साली संमतीचे वय विवाहसंबंधात तेरा व विवाहाबाहेर चौदा असे झाले. ते अपुरे वाटून गौरांनी पुन्हा विधेयक आणले, तेव्हा सरकारने १९२८ साली एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्याकडे आले. समितीने देशभर प्रवास केला, प्रश्नावली पाठविली, वैद्य, वकील, शिक्षक व गृहिणी अशा शेकडो साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी होती. संमतिवयाचा कायदा देशात बहुतेकांस ठाऊकच नाही, असे समितीस आढळून आले. ज्या कायद्यापायी पुण्यात सभा उधळल्या गेल्या आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरले, तो जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही खेड्यापर्यंत पोचलेला नव्हता. जन्माची व विवाहाची नोंद ठेवावी आणि कायद्याची माहिती लोकांस करून द्यावी, असा समितीच्या शिफारशींचा रोख होता.

त्याच वर्षी शारदा कायदा मंजूर झाला. मुलीचे लग्नाचे वय चौदा व मुलाचे अठरा ठरले, आणि १ एप्रिल १९३० पासून अंमल सुरू होईल असे जाहीर झाले. याचा परिणाम फार विचित्र झाला. मधल्या सहा महिन्यांत आईबापांनी घाईघाईने लहान लहान मुलांची लग्ने उरकून घेतली, आणि १९३१ च्या खानेसुमारीत विवाहित बालकांची संख्या घटण्याऐवजी वाढलेली आढळली. कायद्याची बातमी पोचली, पण त्याचे कारण पोचले नाही म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. लहान वयातील बाळंतपणाने आई व मूल दोघांचाही जीव धोक्यात येतो, हे ज्या घरास पटले होते त्याने लग्न लांबविले. ज्या घरास केवळ दंडाची भीती होती, त्याने मुहूर्त अलीकडे ओढला.

कायद्याची ही धावपळ चालू असता मुंबईत एक गृहस्थ निराळ्याच वाटेने चालले होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र मुंबईत काढले. हे कार्य महाविद्यालयाच्या चालकांस रुचले नाही. १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली, पण कार्य सोडले नाही. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले, आणि ते ऑक्टोबर १९५३ मध्ये झालेल्या आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, पदरमोड करून चालविले. त्यांच्या पत्नी मालतीबाई यांची साथ नसती, तर हे घडते ना.

या मासिकाचा एक भाग वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा असे. लग्न झालेली पण अंधारात चाचपडणारी माणसे आपल्या शंका लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांस गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा निर्विकार भाषेत उत्तरे देत. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ सालच्या त्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांस शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही व कर्व्यांस दंड झाला. कर्व्यांची सर्वच मते त्या काळी कोणास पटण्याजोगी नव्हती, आणि आजही सर्वांस पटतील असे नाही. परंतु प्रौढ, शिकलेली माणसे आपल्या शरीराविषयीच्या साध्या शंका एका अनोळखी संपादकास विचारीत होती, याचा अर्थ इतकाच की, त्यांच्या शाळेने, घराने वा वैद्याने त्या शंका कधी ऐकून घेतल्या नव्हत्या.

कर्व्यांच्या अगदी उलट टोकास महात्मा गांधी होते. कृत्रिम साधनांनी संततिनियमन करण्यास त्यांचा कडवा विरोध. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन त्यांना भेटल्या. गांधीजींचे मत पालटले नाही. वर्धा हे ठिकाण गोंदियापासून रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ही चर्चा या मुलखाच्या शेजारीच झाली. तथापि पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, ‘हरिजन’ पत्रात त्यांनी लैंगिक शिक्षणावर एक लेख लिहिला. विकारांस चेतविणारे ज्ञान घातक आहे, परंतु विकारांवर ताबा मिळविण्यास साहाय्य करणारे ज्ञान मुलांच्या शिक्षणाचा आवश्यक भाग आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. ते शिकविणाऱ्याचे स्वतःचे आचरण संयमाचे असावे, अशी त्यांची अट होती.

कर्वे आणि गांधी यांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. एकाला सुखाचा हक्क प्रिय, दुसऱ्याला ब्रह्मचर्य. परंतु तरुण मनास अज्ञानात ठेवणे हे त्याच्या रक्षणाचे साधन नव्हे, एवढ्या एका गोष्टीवर दोघेही येऊन मिळतात. पुढे या विषयाचे जे विरोधक झाले, त्यांनी संस्कृतीचा व संयमाचा आधार घेतला. संयमाच्या सर्वांत मोठ्या उपासकाचा या विषयावरील अभिप्राय मात्र त्यांनी क्वचितच विचारात घेतला.

स्वातंत्र्यानंतर वयाचे आकडे पुन्हा हलले. १९४९ साली संमतीचे वय सोळा व मुलीच्या लग्नाचे पंधरा झाले. १९७८ मध्ये लग्नाचे वय मुलीस अठरा व मुलास एकवीस ठरले. दरम्यान १९५२ पासून सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण रंगविला गेला, परंतु शाळेच्या भिंतीच्या आत तो विषय आला नाही. १९६९ साली मुंबईत लोकसंख्या-शिक्षणावर राष्ट्रीय परिसंवाद भरला आणि १९८० पासून तो विषय शाळांत आणण्याची योजना निघाली. मात्र लोकसंख्या-शिक्षण म्हणजे लैंगिक शिक्षण नव्हे, अशी ग्वाही वारंवार देण्यात येई. विद्यार्थ्यांनी लोकसंख्यावाढीचे आलेख काढले, दुष्परिणामांवर निबंध लिहिले. मूल जन्मास कसे येते हा प्रश्न मात्र आलेखाच्या बाहेरच राहिला.

१९८६ मध्ये आपल्या देशात एड्सचा पहिला रुग्ण सापडला आणि भीतीने का होईना, हा विषय पुन्हा वर आला. २००५ च्या सुमारास केंद्र सरकारने नववी व अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. शिक्षकांसाठी तयार केलेल्या साहित्यातील चित्रांवरून २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात मोठे वादळ उठले. सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी विरोध केला आणि शासनाने तो कार्यक्रम थांबविला. मध्यप्रदेश, कर्नाटक इत्यादी राज्यांनीही तसेच केले. राज्यसभेच्या याचिका समितीने २००९ च्या अहवालात शाळांतून असे शिक्षण देण्याविरुद्ध मत दिले. ती चित्रे वयाच्या मानाने अनुचित होती, असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु चित्र वाईट असेल तर चित्र पालटावयाचे असते. एक चित्र चुकले म्हणून कोणी भूगोलाचा तास बंद करीत नाही.

गोंदियाच्या नकाशाकडे पुन्हा वळावे ते येथेच. “हे शिक्षण घरचे आहे, शाळेचे नव्हे,” हा विरोधकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. ज्या घरात आई शिकलेली आहे, वैद्य हाकेच्या अंतरावर आहे आणि मुलगी रोज सायंकाळी घरी परतते, तेथे त्याला काही अर्थ असेल. देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या कक्षेत आश्रमशाळा चालतात. १९७० च्या दशकापासून राज्यात आदिवासी मुलांसाठी या निवासी शाळांचे जाळे विणले गेले. सहा-सात वर्षांची मुलगी तेथे येते, ती दिवाळीस व उन्हाळ्यास तेवढी घरी जाते. तिला पहिल्यांदा न्हाण येते ते बहुधा शाळेच्या वसतिगृहात. तेथे आई नाही, आजी नाही, मावशी नाही. अशा ठिकाणी शाळा हेच घर आहे. घराने सांगावे असे म्हणून जर शाळा गप्प बसली, तर त्या मुलीपुरते या जगात सांगणारे कोणीच उरत नाही. आणि वाईट हेतूने जवळ येणाऱ्या मोठ्या माणसास ‘नाही’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे, तसे घडल्यास कोणापाशी बोलावयाचे, हेही तिला कोणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट रक्ताची आहे, आणि हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. सिकलसेल नावाचा एक आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्यास असह्य वेदना, कावीळ व पंडुरोग यांनी ग्रासतात. शुक्ला व सोळंकी या नागपूरच्या वैद्यांनी १९५८ साली मध्य भारतातील या विकाराविषयी लिहिले, तेव्हापासून विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे वैद्यकास माहीत आहे. गोंदिया हा त्यांपैकीच एक. आईबाप दोघेही केवळ वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष बाळगणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी निघण्याचा संभव चारात एक असतो. वाहक निघण्याचा चारात दोन. पूर्ण निर्दोष निघण्याचा चारात एक. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली व २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष ठरविले. मोहिमेचा कणा म्हणजे तरुणांनी लग्नापूर्वी रक्त तपासून घेणे. पण बीज म्हणजे काय, आईचा व बापाचा अंश मुलात कसा उतरतो, हे ज्याला शाळेत मोकळेपणाने समजाविले नाही, त्याने रक्ताच्या तपासणीचा कागद हाती घेऊन काय उमजावे? लग्न जमविताना पत्रिका सर्वजण पाहतात. रक्ताची पत्रिका पाहावी असे वाटण्यास आधी जननाचा पाठ समजलेला असावा लागतो.

राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१७ साली काढलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या प्रकरणात सिकलसेलची माहिती दिली, आणि २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मानवी प्रजननाचे वर्णनही दिले. म्हणजे छापील पानावर ज्ञान आले. अडते ते पानापासून फळ्यापर्यंतच्या दोन हातांच्या अंतरात. “हा भाग घरी वाचून घ्या” असे सांगून पुढील धड्याकडे वळण्याची पद्धत शाळांतून जुनी आहे. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. त्यालाही त्याच्या शिक्षकाने असेच घरी वाचावयास सांगितले होते, आणि वर्गात खसखस पिकली तर तास कसा सावरावा हे अध्यापन-विद्यालयात बहुधा कोणी शिकविलेले नाही.

तिसरी गोष्ट शेजारच्या गडचिरोलीची. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तांत जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेकडा ९२ स्त्रियांस एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या शेकडा आठ. दुखणे हे बाईच्या जन्माचेच अंग आहे असे समजून त्या सोसत होत्या. आजाराला आजार म्हणण्यासाठीही थोडे ज्ञान लागते. या अनुभवातूनच पुढे डॉ. राणी बंग यांनी तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ ही शिबिरे सुरू केली. शरीर, मन, लग्न, रोग व जबाबदारी यांविषयी तेथे उघडपणे, परंतु मर्यादेने बोलले जाते. त्यामुळे सभ्य भाषेत हा विषय शिकविणे अशक्य आहे, हे म्हणणे आता कोणास करता येणार नाही; आणि ते मुंबईत नव्हे, झाडीपट्टीच्या रानात घडून आले आहे.

कायद्याची अखेरची पायरी २०१२ ची. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा त्या वर्षी अंमलात आला आणि संमतीचे वय अठरा झाले. दहापासून अठरापर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांचा आहे. या कायद्याच्या ४३ व्या कलमाने सरकारवर असे बंधन घातले की, त्याची माहिती जनतेस, मुलांस व पालकांस वेळोवेळी करून द्यावी. २०२० च्या नियमांनी आणखी पुढे जाऊन, केंद्र व राज्य सरकारांनी स्वसंरक्षणाविषयी मुलांच्या वयास अनुरूप असा अभ्यासक्रम व साहित्य तयार करावे असे सांगितले. मोरोपंत जोशी यांच्या समितीने १९२९ मध्ये जी उणीव दाखविली होती, ती भरून काढण्याचे कर्तव्य अशा रीतीने कायद्याच्या अक्षरात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांस, शक्य तर एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार करावे असे ठरविले. त्याच्या अकरा विषयांत प्रजनन-आरोग्य व एड्सप्रतिबंध यांचा समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मध्ये अशा शिक्षणाची गरज प्रतिपादिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नववीची वाट न पाहता लहान वयापासूनच द्यावे असे मत व्यक्त केले.

लहान वयापासून याचा अर्थ लहान मुलांस मोठ्यांच्या गोष्टी सांगणे असा नव्हे. पहिली-दुसरीच्या मुलाने आपल्या अवयवांची शुद्ध नावे शिकावी, कोणता स्पर्श नकोसा आहे हे सांगण्यास शिकावे, एवढे पुरे. पाचवी-सहावीत मुलीस मासिक धर्माची व मुलास त्याच्या वयातील बदलांची माहिती मिळावी. आणि मुलीविषयीची माहिती मुलासही मिळावी, म्हणजे कोपऱ्यात हसण्यासारखे त्यात काही नाही हे त्याला उमजेल. नववी-दहावीत गर्भधारणा, संसर्गरोग, आनुवंशिकता व वयाचा कायदा यावा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आपल्याच वयाच्या मुलीबरोबर पळून जातो आणि गुन्हेगार ठरून बालन्याय मंडळापुढे उभा राहतो, तेव्हा असा कायदा आहे हे त्याला तेथेच प्रथम कळावे, ही गोष्ट १९२९ च्या समितीस परिचित वाटली असती.

या इतिहासात खलनायक कोणी नाही. रानडे व टिळक, गांधी व कर्वे, विधिमंडळातील सदस्य व वर्गातील शिक्षक, सर्वांसच मुलांचे हित हवे होते. परंतु प्रत्येकाने बोलण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे आहे असे मानले: सरकारने घराकडे बोट दाखविले, घराने शाळेकडे, शाळेने पुस्तकाकडे, आणि पुस्तकाने पुन्हा घराकडे. आता नियमाने ती जबाबदारी शाळेवर टाकली आहे. ती पार पडते की नाही, हे राजधानीतील परिपत्रकांवरून ठरणार नाही. देवरी वा सालेकसा तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेत दहावीच्या वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षिकेने ते प्रकरण फळ्यावर लिहिले, सिकलसेलचे चार चौकोन आखले आणि मुलांच्या शंका पुसल्या, तर तो नियम पाळला गेला असे समजावे. शहरातील सुशिक्षित घरांनी यात करावयाचे काम सोपे आहे: आपल्या मुलांच्या शाळेत तो पाठ शिकविला गेला काय, एवढे विचारावे, आणि शिकविला गेला असेल तर तक्रार करावयास न जाता त्या शिक्षकाचे आभार मानावयास जावे.